हात घरचा हवा

“कोण चालवणार?” दुकानदाराने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या मागे उभ्या असलेल्या गंगाराम भावोजींकडे बघून हसला.

“मी,” मी म्हटलं.

“नाही, घेणार तुम्ही ते कळलं. चालवणार कोण?”

“चालवणार पण मीच. बोलायचं ते इकडे बघून बोला.”

चौदा वर्षं एसटीत कंडक्टर होते मी. माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. पाण्याचा पंप बघायला आलेली दोन माणसं वळून बघायला लागली. भावोजी म्हणजे यांचे चुलत भाऊ. बिचारे कानकोंडे झाले आणि भिंतीवरच्या फवारणीपंपांचे भाव वाचत बसले.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. राजापुरातलं ते दुकान, शिमग्याला सोळा दिवस उरलेले, आणि मला झाडं कापायचं मशीन हवं होतं. हलकं. माझ्या हाताला दिवसभर झेपेल असं.

दुकानदाराने आधी एक भलंथोरलं मशीन काउंटरवर ठेवलं. “हे घ्या. फणसाचं खोड कापतं. एकदा घेतलंत की बघायला नको.”

“फणस कापायचा नाहीये मला. मनगटाएवढी झाडं आहेत, फार फार तर मांडीएवढी. अकेशिया, गिरिपुष्प, थोडा कुडा. पण आहेत मात्र चिक्कार.”

“मग तर पटापट होतील याने.”

“अहो, यांचंच असलं मशीन परवा चालवून बघितलं मी,” मी भावोजींकडे बोट दाखवलं. “सात झाडं कापली आणि संध्याकाळी चहाचा कप उचलवेना. सात झाडांत माझं भागणार असतं तर मी कशाला आले असते?”

मग त्याने दुसरं टोक गाठलं. बॅटरीवर चालणारं, एका हातात मावणारं, खेळण्यासारखं मशीन काढलं. म्हणाला, बायका बागेसाठी हेच नेतात.

“बॅटरी किती वेळ टिकते?”

“वीस मिनिटं. जपून वापरलीत तर अर्धा तास.”

“आणि संपली की?”

“चार्जिंगला लावायची.”

“डोंगरात कुठे लावू? कुड्याच्या झाडाला?”

पंपवाली माणसं हसली. दुकानदारही हसला, आणि तिथून पुढे तो माझ्याशी सरळ बोलायला लागला. माणूस वाईट नव्हता. मागच्या खोलीत जाऊन त्याने तीन खोके आणले.

आता हे सगळं कशासाठी ते सांगते. आमच्या गावात देवीची पालखी शिमग्याला घरोघर जाते. सहाणेवरून, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावरून, एक जुनी वाट वर आमच्या वाडीत येते. डांबरी रस्ता झाल्यापासून त्या वाटेने वर्षभर कुणी कुत्रंही फिरकत नाही, पण पालखी मात्र त्याच वाटेने यायची. दरवर्षी पालखीआधी ती वाट साफ करायची, त्याला आमच्याकडे वाट सोडवणं म्हणतात, आणि वाट सोडवायचा मान पाष्ट्यांच्या घराचा. आमचा. अट एकच. हात घरचा हवा. मजूर लावून चालत नाही, शेजाऱ्याने काय, वेगळी चूल असलेल्या भावकीनेही मदत केलेली चालत नाही. म्हणून पालखी पहिली आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, यायची आणि गावाचा पहिला नारळ आमचा असायचा.

आमचे हे, म्हणजे यशवंत पाष्टे, बावीस वर्षं एकट्याने कोयता आणि कुऱ्हाडीने ती वाट सोडवत होते. मग एका डिसेंबरात त्यांना झटका आला आणि उजवं अंग गेलं. मी नोकरी सोडून घरी आले. पहिल्या वर्षी वाट तशीच राहिली, गावाने समजून घेतलं. दुसऱ्या वर्षी, कोण जाणे कसं, यांना वाटलं की पालखी तरीही येईल. सकाळीच पांढरे कपडे घालून घेतले माझ्याकडून, टोपी घातली, खळ्यात खुर्ची टाकून बसले. खालच्या डांबरी रस्त्याने ढोल वाजत आला आणि वाजत पुढे निघून गेला. हे दुपारी दोनपर्यंत तसेच बसून होते. मी आत चला म्हटलं तर मान हलवली नाही. त्या दिवसापासून यांचं बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, जीभ सुधारतेय, बोलायला हवेत. पण बोलायचं नाही असं माणसाने ठरवलं तर डॉक्टर काय करणार?

आम्हाला एकच मुलगी, ती लग्न होऊन कोल्हापूरला. तिसऱ्या वर्षी गावकीची बैठक झाली. गावकर आप्पांनी, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यांनी, सांगितलं, “दोन वर्षं थांबलो. यंदा वाट नाय सुटली तर मान गंगारामाच्या घराकडे जायचा. देवीची वाट कायमची बंद ठेवता नाय येणार.”

त्यांचं चुकत नव्हतं. मी उठून म्हटलं, “वाट मी सोडवते.”

बैठकीत कुजबुज झाली. गंगाराम भावोजी म्हणाले, “वहिनी, बाईमाणसाने आजवर नाय केलेलं.”

“अट काय आहे, आप्पा? पुरुषाचा हात की घरचा हात?”

आप्पांनी डोकं खाजवलं. “घरचा.”

“मग मी घरातली नसेन तर सव्वीस वर्षं तिथे कुणाच्या भाकऱ्या थापतेय?”

“सोडव तर मग,” आप्पा म्हणाले. भावोजींनीच मग स्वतःचं मोठं मशीन आणून दिलं, आणि ते झेपलं नाही म्हटल्यावर आपल्या रिक्षातून मला राजापुरात घेऊन आले. मान त्यांच्या घरी जाणार होता, तरी माणूस असा.

तर दुकान. तीन खोक्यांतली तीन मशीनं समोर मांडली.

“हे सगळ्यात हलकं, पेट्रोलवरचं,” दुकानदार म्हणाला. “साडेतीन किलो.”

“पेट्रोल धरून?”

“नाही, ते कोरडं वजन.”

“मी काय कोरडं चालवणार आहे? पेट्रोल घाला, साखळीचं तेल घाला, पातं चढवा. मग हातात द्या.”

त्याने तक्रार न करता भरून दिलं. मी मशीन दोन्ही हातांत कमरेच्या उंचीवर धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. “आता पंधरा मिनिटं मी अशीच उभी राहणार. तुम्ही तुमची गिऱ्हाइकं बघा.”

भरल्या गाडीत एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हातात तिकिटांचा ट्रे धरून घाट चढलेली बाई मी. पहिल्या पाच मिनिटांत कुठलंही वजन हलकंच वाटतं हे मला माहीत होतं. खरं वजन दहाव्या मिनिटाला कळतं. पहिलं मशीन दहाव्या मिनिटाला तोंड खाली टाकायला लागलं. पातं लांब होतं, सगळा भार पुढे जात होता. दुसऱ्याचा तोल बरा होता, पण सुरू करायची दोरी ओढताना माझा खांदा कळवळला. तिसऱ्याचं पातं दहा इंची, वीतभरापेक्षा थोडं जास्त. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, हात भरून आला पण थरथरला नाही. दोरी दुसऱ्या झटक्याला लागली.

“काकी, याला जोर कमी आहे हं,” दुकानदार म्हणाला. “मांडीएवढ्या खोडाला दोन बाजूंनी कापावं लागेल.”

“दोन बाजूंनी कापेन. जोर नकोय मला, दिवस हवेत. सोळा दिवस रोज चाललं पाहिजे. ते आणि मी, दोघंही.”

त्याने मशीन बांधून दिलं आणि स्वतःहून नीट शिकवलं. जमिनीवर ठेवून मागच्या मुठीत पाय रोवून सुरू कसं करायचं, पुढची मूठ डाव्या हातात आणि मागची, चापाची, उजव्या हातात का धरायची, झटका बसला तर साखळी थांबवणारा ब्रेक कुठे असतो, आणि पात्याच्या टोकाने कधीही, काही झालं तरी, कापायचं नाही. गॉगल आणि गमबूट मी न सांगता जोडले त्याने. वर म्हणाला, “खांद्याच्या वर नेऊ नका. आणि एकट्या जाऊ नका.”

“एकटीच जायचंय,” मी म्हटलं. “अटच तशी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुरुवात केली. भावोजी रोज गडग्यावर, आमच्या दगडी बांधावर, येऊन बसायचे. हात लावायचा नाही म्हणून हातांची घडी घालून बसायचे. पहिल्या दिवशी मी वीस पावलं वाट मोकळी केली. वाट सगळी मिळून साडेचारशे पावलं. मनातल्या मनात हिशेब घातला आणि उगाच घातला असं वाटलं.

पण हात बसत गेला. झाड ज्या अंगाला झुकलंय तिकडे आधी छोटी खाच, मग मागून काप. कापलेलं ओढून बाजूला. पुढचं. डोक्यात दुसरं काही नाही. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत, कानांत, ब्लाऊजमध्ये भुसा. हे खळ्यात खुर्चीवर बसलेले असायचे. दिवसभर मशीनचा आवाज त्यांना ऐकू जात असणार, पण माझ्याकडे बघायचे नाहीत.

चौथ्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहून पदर झाडला. पांढरी बारीक भुकटी त्यांच्या पायावर पडली. त्यांनी वाकून ती डाव्या हाताच्या बोटांत घेतली, चोळली.

“पीठ,” ते म्हणाले.

मी जागच्या जागी थांबले. वर्षभरात ऐकलेला पहिला शब्द तो.

“काय म्हणालात?”

“पीठ पडतंय. पीठ नको. चुरा... चुरा हवा.” शब्द अडखळत होते, पण राग स्पष्ट होता. “धार गेली. कळत नाय तुला?”

नव्हतं कळत. मशीनला जोर कमी आहे म्हणून वेळ लागतोय असं मी समजत होते आणि अंगाने रेटत होते. खोक्यात एक गोल कानस दिली होती, ती मी तशीच ठेवून दिलेली. त्या संध्याकाळी मी पातं गुडघ्यांत घट्ट धरून बसले आणि यांनी डाव्या हाताने साखळीचा एकेक दात घासला. पुढे ढकलायचं, उचलायचं, मागे घ्यायचं. पाच-सहा दात झाले की दमायचे, परत सुरू करायचे. तासभर लागला. दुसऱ्या दिवशी मशीन लोण्यातून गेल्यासारखं गेलं आणि अंगावर जाडसर चुरा पडला. घरी येऊन दाखवला तर नुसतं “हं” म्हणाले. मला तेवढंही पुष्कळ होतं. न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं आणि बाहेर येऊन भाकऱ्या केल्या.

तेव्हापासून रोज रात्री जेवणाआधी दात घासायचं काम यांचं. मशीनचं तोंड बघून मला विचारायचे, “दगडाला लावलंस?” “आज घाई केलीस?” सगळं कळायचं त्यांना. एकदा खरोखर पात्याचं टोक गडग्याच्या दगडाला लागलं. मशीन उसळलं, ब्रेक बसला, आणि माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर साखळी थांबली. भावोजी ओरडत धावले. मी दहा मिनिटं दगडावर बसून राहिले. मग पाणी प्यायले आणि उठले. घरी सांगितलं नाही. पण साखळीचे दोन दात मोडलेले बघून हे कानस खाली ठेवून म्हणाले, “उद्या नको जाऊ.”

“उद्या जाणार,” मी म्हटलं. “घासा तुम्ही.”

त्यांनी घासले.

पंधराव्या दिवशी दुपारी शेवटचं झाड पाडलं, आमच्या खळ्याच्या खालच्या अंगाला. सहाणेपासून आमच्या दारापर्यंत वाट आरपार दिसत होती. मी इतकी चोख साफ केली होती की वाटेत गुडघ्याएवढं रोपही उभं ठेवलं नव्हतं. फार अभिमान वाटला मला. सोळाव्या दिवशी सकाळी आप्पा आणि गावकीची दहा-बारा माणसं वाट बघायला चढून आली. यांना मी पांढरे कपडे घालून खुर्चीत बसवलं होतं.

आप्पा सगळी वाट चालून आले. खळ्याशी येऊन थांबले. “वाट झकास झालीय. शेवटचं झाड खंय ठेवलंस?”

“शेवटचं? ते काल कापलं.”

आप्पांचा चेहरा पडला. मागची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

“शेवटचा घाव गावासमोर घालायचा असतो गो,” आप्पा म्हणाले. “वाटेच्या मानकऱ्याने. मुळावर उभं असलेलं, वाटेतलं झाड. त्याशिवाय वाट सुटली असं देवीला सांगता येत नाय. दरसाल एक ठेवतात.”

मला कुठून माहीत असणार? लग्नानंतरची पहिली वर्षं शिमग्याला मी चुलीपुढे असायची, आणि पुढची चौदा वर्षं मुंबईच्या जादा गाड्यांवर. हा घाव मी कधी पाहिलाच नव्हता. भावोजी कपाळावर हात मारून म्हणाले, “मला वाटलं वहिनींना ठाऊक असणार. रोज बसलो होतो मी तिथे.” आणि हे? यांना वाटलं असणार, एवढी अक्कल असेलच हिला.

“एखादी फांदी रोवूया,” कुणीतरी म्हणालं.

“रोवलेलं नाय चालत,” आप्पा म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं.

तेव्हा यांनी डावा हात उचलला. खळ्याच्या तोंडाशी सोनचाफा होता. मी नोकरी सोडली तेव्हा डेपोतल्या बायकांनी निरोपाला दिलेलं कलम. सव्वादोन वर्षांत मनगटाएवढं झालेलं, त्याच वर्षी पहिली फुलं आलेली. यांचं बोट सरळ त्याच्याकडे होतं.

“तो वाटेत नाहीये,” मी म्हटलं. “बाजूला आहे.”

तो वाटेतच होता. दांडा वळवल्याशिवाय पालखी तिथून आत येऊच शकली नसती. साडेचारशे पावलं मी दुसऱ्या कशाची पर्वा केली नव्हती आणि नेमकी माझ्या चाफ्यापाशी येऊन वाट मनातल्या मनात वळवली होती. मला राग आला. आप्पांचा, गावाचा, आणि सगळ्यात जास्त यांचा, की एवढ्या दिवसांत चारचौघांत हात उचलला तो माझ्या झाडाच्या जिवावर उठायला.

मग मी आत जाऊन गमबूट चढवले आणि मशीन घेऊन आले.

“घाव मानकऱ्याचा ना?” मी आप्पांना विचारलं. “चला हो, उठा. भावोजी, यांना मागून कमरेला धरा. यांना धरलेलं चालतं ना, आप्पा? झाडाला तुमचा हात लागत नाहीये.”

आप्पांनी मान हलवली. भावोजींनी यांना उभं केलं आणि कमरेला मिठी घालून धरून ठेवलं. मी मशीन जमिनीवर सुरू केलं, उचललं. यांनी डाव्या हाताने पुढची मूठ पकडली. मागची मूठ आणि चाप माझ्या उजव्या हातात. माझा डावा हात मी यांच्या हातावर ठेवला. दोघांचे मिळून हात पुरे झाले. यांच्या पकडीत ताकद होती, मला वाटलं होतं त्याहून जास्त. बुंध्याला पातं लागलं आणि चाफा पाच-सहा सेकंदांत आडवा झाला. वास सगळ्या खळ्यात पसरला.

मी मशीन बंद केलं. आप्पा हातात नारळ घेऊन यांच्यासमोर उभे राहिले. पुढचा रिवाज मात्र मी ऐकून होते. दरवर्षी आप्पा विचारायचे आणि हे सांगायचे, “पाष्ट्यांनी.” एवढंच ठरलेलं उत्तर.

“वाट कोणी सोडवली?” आप्पांनी विचारलं.

यांचे ओठ हलले. आवाज फुटायला वेळ लागला. भावोजी मागून हळूच म्हणाले, “पाष्ट्यांनी म्हण, यशा.”

यांनी मान झटकली.

“कुमुदनं,” हे म्हणाले.

सव्वीस वर्षांत चारचौघांत यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. अगं, ऐकलं का, यापुढे मजल गेली नव्हती.

आप्पा गोंधळले. “म्हणजे पाष्ट्यांनी ना?”

“कुमुदनं,” हे परत म्हणाले. या वेळी शब्द स्वच्छ होता.

आप्पांनी थोडा विचार केला. मग सहाणेकडे तोंड करून नारळ वर धरला आणि देवीला विनवणीचं गाऱ्हाणं घातलं; गाऱ्हाण्यात तिलाही महाराजाच म्हणतात. “बा महाराजा, तुझी वाट यंदा पाष्ट्यांच्या घरच्या कुमुदनं सोडवलेली हा. ती गोड मानून घे, नि ह्या घराचा मान ह्याच घरात ठेव.”

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी होकार द्यावा लागतो, तरच ते पोहोचतं. माणसं माझ्याकडे बघत होती, भुशाने माखलेल्या गमबुटांकडे बघत होती. मी मान खाली घातली नाही.

मग माझ्या मागून, यांना अजून कमरेला धरून उभ्या असलेल्या गंगाराम भावोजींचा आवाज आला. “होय महाराजा.”

त्यांच्या मागोमाग सगळे म्हणाले.